कोळंबीच्या खाद्यात लसूण, हळद आणि दुर्वा

आमच्याकडे पाटे दोन आहेत. एक स्वयंपाकघरात, दुसरा तळ्यावरच्या खोपीत. खोपीतला पाटा हळदीने पिवळाधमक झालाय आणि कितीही घासला तरी त्याचा लसणाचा वास जात नाही. त्यावर वाटलेलं आम्ही खात नाही, आमची कोळंबी खाते.

गेल्या महिन्यात एका लग्नात दोघा जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुम्ही कोळंबीला काढा देता म्हणे. काय काय घालता ते आम्हाला पण सांगा ना." उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही. नुसती मापं सांगितली आणि मागचंपुढचं सांगितलं नाही, तर एखाद्याचं तळं जायचं. म्हणून आज सगळं लिहून काढते.

धरमतर खाडीच्या काठाला, अलिबाग तालुक्यात, आमची खारबंदिस्तीतली जमीन आहे. पूर्वी तिथे भात व्हायचं आणि कडेच्या तळ्यात जिताडे मासे. बाहेरकाठ्याचा बांध फुटून एका उधाणाला खारं पाणी आत शिरलं, ते पुढची कितीतरी वर्षं जमिनीतून गेलंच नाही. भात संपलं. मग २०१५ साली आम्ही वीस-वीस गुंठ्यांची दोन तळी करून घेतली आणि वनामी कोळंबी सोडली. वनामी आपल्याकडची नाही. ती पॅसिफिकच्या पलीकडच्या, मेक्सिको-पेरूच्या किनाऱ्याची. भारतात तिला रीतसर परवानगी मिळाली २००९ साली. त्याआधी सगळे टायगर करायचे. माझ्या सासऱ्यांनीही नव्वदच्या दशकात टायगर करून पाहिली होती आणि व्हाइट स्पॉट या विषाणूच्या रोगामुळे एका हंगामात हात टेकले होते. त्यामुळे मी पहिल्यांदा वनामीचं नाव काढलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "रोग येतो तेव्हा रातोरात येतो, बाय. तयारी ठेव."

तो आला २०१८ साली, बियाणं सोडल्यावर बेचाळिसाव्या दिवशी. पहाटे बांधावर नेहमीपेक्षा जास्त बगळे दिसले. कोळंबी काठाला येऊन थांबली होती, हात लावला तरी पळत नव्हती. चेक ट्रेमधलं (कोळंबी किती खाते ते बघायला तळ्यात सोडलेली थाळी) खाद्य जसंच्या तसं. एकीची पाठीवरची टोपी काढून उन्हात धरली, तर आतल्या बाजूने पांढरे ठिपके. दोन दिवसांत घाईघाईने जाळी मारून मिळाली तेवढी काढली. किलोला दोनशेहून जास्त बसतील एवढी बारीक. जो भाव मिळाला त्यात खाद्याचे पैसेसुद्धा निघाले नाहीत.

त्यानंतर आमच्या बांधावर विक्रेत्यांची रीघ लागली. तळ्याला रोग लागला की ही बातमी खाडीपलीकडे आधी पोचते. प्रत्येकाकडे पुड्या, बाटल्या आणि त्यावर हिरवं पान. "ताई, एकदम हर्बल. आपलं आयुर्वेदच आहे." मला तेव्हा वाटलं, हळद-तुळशीने काय नुकसान होणार? एकाची पिवळी पूड घेतली. पुढच्या पिकात दोन नंबरच्या तळ्यात रोज पाच-दहा मरायला लागल्या, तेव्हा ती खाद्याला चोळून दिली. मर थांबली. मी खूश. चार जणांना फोन करून सांगितलं, याची मला आजही लाज वाटते.

निर्यातीचा माल उचलणारा व्यापारी काढणीआधी नमुन्याची चाचणी मागतो. आपल्या मालात नायट्रोफ्युरान किंवा क्लोरॅम्फेनिकॉल या बंदी असलेल्या प्रतिजैविकांचा अंश सापडला तर युरोपातून कंटेनर परत येतो. २०१६ पासून तर युरोपने भारतातून येणाऱ्या कोळंबीची तपासणी दहा टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेली. आमच्या एक नंबरचा नमुना स्वच्छ निघाला. दोन नंबरच्या नमुन्यात नायट्रोफ्युरानचा अंश होता. आम्ही आयुष्यात कधी औषधाच्या दुकानातून कोळंबीसाठी काही आणलेलं नव्हतं. त्या तळ्यात एक नंबरपेक्षा वेगळं गेलेलं होतं ते फक्त ती पूड.

व्यापाऱ्याने हात वर केले. दुसरा एक जण म्हणाला, मी मुंबईच्या बाजारात लावतो, तिथे कोण तपासतंय. नायट्रोफ्युरानवर बंदी आहे ती त्याने कर्करोग होण्याची भीती असल्यामुळे, आणि त्याचा अंश मांसाला चिकटून राहतो, शिजवल्यानेही जात नाही. परदेशातल्या माणसाने खायचं नाही आणि आपल्या दादरच्या, भायखळ्याच्या माणसाने खायचं, हे मला पटेना. मी नाही म्हटलं. घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनीच गडी बोलावले, पडीक वावरात खड्डा खणला आणि नऊशे किलो कोळंबी चुना टाकून पुरली.

त्या पुडीतली उरलेली पूड तिथेच सांडली, चुन्यावर. सासूबाई बघत होत्या. त्यांनी वाकून बोटाने कालवली आणि मला म्हणाल्या, "हळद नाय ही. हळद असती तर लाल नसती का झाली?" हळदीला चुना लागला की ती लाल होते; त्यावरच तर कुंकू होतं. त्यांच्या आईच्या घरी कुंकू करायचे. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, कुर्कुमिन क्षारात लाल होतं हे परीक्षेत लिहिलेलं, आणि ते मला सुचलं नव्हतं. ती पूड पिवळीच राहिली होती.

तेव्हापासून आमच्या तळ्यात जे जातं ते आम्ही स्वतः वाटलेलं जातं. विकत काही आणलंच तर किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाकडे ते नोंदलेलं आहे का, आत काय आहे हे छापलेलं आहे का, लॉट नंबर आहे का, एवढं बघितल्याशिवाय पिशवी फोडायची नाही. मग पाकिटावर किती का पानं असेनात.

आता मुद्द्याचं. कोळंबीला हे द्यायचं तरी कशासाठी? ताप आला की काढा, असं हे नाही. आपल्या किंवा जिताड्याच्या शरीरात एखादा रोग येऊन गेला की त्याची ओळख राहते, म्हणून लस चालते. नॉर्वेत सामन माशांना लस टोचायला लागल्यावर तिथला प्रतिजैविकांचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त उतरला. कोळंबीच्या रक्तात अशी आठवण ठेवणारी प्रतिपिंडंच नसतात. तिचं रक्तही लाल नाही, तांब्यामुळे निळसर असतं. त्यातल्या पेशी जे काही परकं दिसेल त्याला घेरतात, गिळतात, काळा डाग करून तिथेच कोंडतात. बस, एवढाच तिचा पहारा. वनस्पतींमधल्या काही घटकांनी हा पहारा जास्त जागा होतो, आणि लसणासारख्या काहींनी आतड्यातले व्हिब्रिओ जंतू कमी होतात. आपण जे देतो ते या दोन गोष्टींसाठी. व्हाइट स्पॉट एकदा तळ्यात पसरला की पाट्यावरचं काहीही त्याला उतरवत नाही. ईएचपीचंही तसंच. तो सूक्ष्म परजीवी यकृतासारख्या अवयवात (आम्ही नुसतं एचपी म्हणतो) घर करतो, कोळंबी मरत नाही पण वाढतही नाही. त्याला लसूण नाही, हळद नाही. बियाणं तपासून घेणं आणि तळं नीट वाळवणं हाच त्याच्यावरचा मार्ग.

लसूण ठेचल्यावर लगेच खाद्यात घालू नका. पाकळी अख्खी असते तेव्हा तिच्यात ते तिखट द्रव्य नसतंच. ठेचली की आतले दोन पदार्थ एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. आम्ही ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवतो. शिजवायचा अजिबात नाही. उकळलं की सगळं गेलं. खाद्याच्या गोळ्या कारखान्यात वाफेवर बनतात, म्हणून लसूण गोळीच्या आत घालून उपयोग नाही, वरूनच लावायला लागतो. किलोभर खाद्याला दहा ग्रॅम. तळ्यावर हे माप ऐकून लोक नाराज होतात, एवढुसा? साठ हजार बियाण्याच्या तळ्यात साठाव्या दिवशी एका वेळचं खाद्य साडेतीन-चार किलो असतं. म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम लसूण. गावठी, बारीक पाकळीचा. सोलायला जीव जातो, पण वास त्यालाच.

हळद पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून ती खोबरेल तेलात कालवून मग खाद्याला चोळायची, किलोला पाच ग्रॅम. भुईआवळा पावसाळ्यात बांधावर फुकट उगवतो. आमच्याकडे काविळीला देतात तोच. सावलीत वाळवून पूड केली की वर्षभर पुरतो.

सगळ्यात जास्त चुका चिकटवण्यात होतात. कोळंबी मासा नाही. मासा गोळी गिळून टाकतो. कोळंबी ती हातात धरून कुरतडत बसते. तेवढ्या वेळात वरचं सगळं पाण्यात धुऊन जातं आणि आपण औषध तळ्याला पाजतो. आम्ही अंड्याचा पांढरा बलक वापरतो, दोन किलोला एक अंडं. हाताने हलकं चोळून ताडपत्रीवर सावलीत तासभर वाळू द्यायचं, बोटाला चिकट लागेनासं झालं की टाकायचं. पेलाभर खाडीच्या पाण्यात दहा गोळ्या टाकून बघा. पाणी लगेच पिवळं झालं तर ते खाद्य नीट झालेलं नाही.

आणि रोज द्यायचं नाही. सुरुवातीला मी महिनाभर सलग दिलं, चांगलं आहे तर जास्त चांगलं म्हणून. पहारेकऱ्याला रोज रात्रभर जागवलं तर तो खऱ्या चोराच्या वेळी पेंगतो. कोळंबीत बीटा-ग्लुकॅन या प्रतिकार जागवणाऱ्या पदार्थावर झालेल्या प्रयोगांत हेच दिसलेलं आहे, सतत दिलं की उलट प्रतिकार खाली येतो. आम्ही सहा दिवस देतो, आठ-नऊ दिवस थांबतो. हे सहा दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या आधी येतील असे धरतो, कारण आमच्या तळ्यात कोळंबी उधाणाच्या सुमारास जास्त कात टाकते. कात टाकलेली कोळंबी लोण्यासारखी मऊ असते, तेव्हाच जंतूंना वाट मिळते.

दुर्वांचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यावरून घरात गंमतच झाली. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाचीने एक शोधनिबंध पाठवला. तामिळनाडूत वेल्लोरच्या बाजूला मेलविशारम म्हणून गाव आहे, तिथल्या कॉलेजातल्या संशोधकांनी वीसेक देशी वनस्पती व्हाइट स्पॉटच्या विषाणूवर तपासल्या होत्या. २००८ सालच्या कामात त्यांनी एका वनस्पतीचा अर्क खाद्यात एक-दोन टक्के मिसळून टायगर कोळंबीला दिला, मग विषाणू दिला, आणि ती कोळंबी वाचली. त्या वनस्पतीचं लॅटिन नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे हरळी. म्हणजे दुर्वा!

सासूबाईंना सांगितलं तर त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही. "अनलासुराला गिळून गणपतीच्या पोटात आग झाली, ती कशाने शमली? अठ्ठ्याऐंशी हजार ऋषींनी एकवीस-एकवीस दुर्वा ठेवल्या तेव्हा." त्या दिवसापासून बांधावरची हरळी उपटायला त्यांनी बंदी केली. तशीही ती बांध धरून ठेवते, खाऱ्या मातीतसुद्धा. पण मी इथे सांभाळून बोलते. प्रयोगशाळेतला अर्क तिथल्या पद्धतीने काढलेला होता. आम्ही दुर्वा धुऊन, वाटून, पाण्यात उकळून आटवतो. ही दोन वेगळी औषधं आहेत. तिथली कोळंबी टाकीत होती, आमची उघड्या तळ्यात आहे, जिथे रोज नवा बगळा येतो आणि भरतीला चिंबोऱ्या बांध चढतात. चिंबोरी स्वतः न मरता व्हाइट स्पॉट वाहून आणते. तरी दुर्वांचा काढा आम्ही देतो, आणि त्याच्या दुप्पट लक्ष बांधावरच्या चिंबोरीच्या जाळीकडे देतो.

"झाडपाल्याने काय होणार?" या वाक्याचं उत्तर मला आमच्याकडे कामाला येणाऱ्या कातकरी मावशींनी दिलं. त्यांच्या लहानपणी ओढ्याच्या डोहात गेळफळं ठेचून टाकायचे, मासे गुंगून वर यायचे, मग हातानेच गोळा करायचे. झाडपाला मासे मारू शकतो, तो तारायचा असेल तर मापातच हवा. तळं तयार करताना नको ते मासे मारायला आम्ही मोहाची पेंड टाकतो, कोणी चहाच्या बियांची पेंड टाकतात. त्यातलं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर आणि रक्तावर घाला घालतं. कोळंबीवर त्याचा जोर मात्र फार कमी चालतो. म्हणून तर चहाची पेंड पीक उभं असतानाही मापात वापरता येते. याच्या उलट कडुनिंब. आमच्या शेजारच्या तळ्यावर निंबोळी अर्क भरपूर ओतला होता, पिकावरच्या किडीला चालतो तर इथेही चालेल म्हणून. किडीला तो मारतो कसा, तर तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवून. कोळंबीही त्याच जातीच्या संप्रेरकांवर कात टाकते. आठवडाभर ते अर्धवट काती अडकलेली कोळंबी काढत होते. माशांच्या तळ्यात कुणी कडुनिंब वापरत असेल तर तो त्यांचा विषय. कोळंबीच्या तळ्यात नको, हात जोडून सांगते.

आता फायदा होतो का, हा प्रश्न. २०२१ पासून आम्ही एका तळ्यात हे देतो आणि दुसऱ्यात देत नाही. बियाणं एकाच हॅचरीचं, एकाच दिवशी सोडलेलं. पुढच्या पिकाला अदलाबदल, म्हणजे तळ्याचा गुण आणि पाट्याचा गुण यात गल्लत होऊ नये. नवऱ्याला हे सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. चांगलं आहे तर दोन्हीला दे, अर्ध्या कोळंबीवर अन्याय कशाला? मी म्हटलं, दोन्हीला दिलं तर चांगलं झालं हे कळणार कसं? त्या पिवळ्या पुडीच्या वेळी मर थांबली म्हणून मी चार घरी फोन केले होते, तसं पुन्हा करायचं नव्हतं.

पाच पिकं झाली. वजनात फरक नाही म्हणावा इतका कमी. चेक ट्रेमधल्या कोळंबीचं आतडं पाट्याच्या तळ्यात जास्त वेळा भरलेलं दिसतं, एचपीचा रंग गडद. पांढऱ्या विष्ठेचे दोरे पाण्यावर तरंगायला लागतात, तो त्रास पाट्याच्या तळ्यात एकदा झाला, दुसऱ्यात तीनदा. पाचपैकी चार पिकांत पाट्याच्या तळ्यात कोळंबी थोडी जास्त जगली, एकात उलटं झालं. त्या वर्षी पाट्याच्या तळ्यातला एक एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्री बंद पडला होता आणि पहाटे पाण्यात प्राणवायू उतरला. लसणाने श्वास घेता येत नाही.

आणि २०२३ साली पावसाळ्यात व्हाइट स्पॉट पुन्हा आला. पाटा नसलेल्या तळ्यात आधी, चार दिवसांनी पाट्याच्या तळ्यात. हे चार दिवस दुर्वांनी मिळवून दिले की मधल्या बांधाने, हे दोन तळ्यांवरून ठरत नाही. पण ऐंशी दिवसांची कोळंबी होती, आणि त्या चार दिवसांत ती आम्ही जिवंत काढली, चाचणी करून विकली. नमुना स्वच्छ आला तेव्हा सासरे चाचणीचा कागद घेऊन बांधाच्या त्या टोकाला गेले, जिथे नऊशे किलो पुरली होती, आणि बराच वेळ तिथे उभे राहिले.

आज अडतिसावा दिवस आहे. अमावास्येला सहा दिवस आहेत, म्हणजे उद्यापासून सुरू. या पिकाला पाट्याची पाळी एक नंबरची. अर्धा किलो गावठी लसूण सोलून ठेवलाय, सासूबाई दुर्वा निवडताहेत, तीन पानांच्या वेगळ्या आणि काढ्याच्या वेगळ्या. पहाटे साडेपाचला ट्रे उचलायचाय. लग्नात विचारणाऱ्या दोघांनी हे वाचलं तर या आठवड्यात कधीही या, तळ्यावर बसून दाखवते. येताना तुमच्याकडच्या पुड्या घेऊन या. चुना आमच्याकडे आहे.